चिनी वर्षप्राण्यांचे गल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर, हाँगकाँग किंवा क्वालालंपूरहून आलेल्या मावशीने आणलेला चिनी मातीचा वाघ वर्षानुवर्षं शोकेसमध्ये बसलेला असतो. पाठीवर खाच आहे, म्हणजे हा गल्ला आहे, एवढं कळतं. पण हाच प्राणी का, तो कुठल्या सालचा, आत पैसे टाकावेत की नुसता पुसून ठेवावा, हे कुणी सांगितलेलं नसतं. असे गल्ले मी जमवतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. ज्यांची उत्तरं खात्रीने देता येतात तेवढे इथे घेतले आहेत.

हे गल्ले मुळात कुणासाठी बनतात?

चिनी नववर्षासाठी. दर वर्षाचा एक प्राणी ठरलेला असतो आणि नवं वर्ष लागायच्या आधी काही आठवडे त्या प्राण्याच्या मूर्ती, कंदील, पाकिटं, टपाल तिकिटं आणि गल्ले बाजारात येतात. नववर्षाला घरातली वडीलधारी मंडळी मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात. ते पैसे ठेवायला गल्ला, असा हा सरळ हिशेब आहे. सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँगमधल्या बँकांनी हे हेरलं आणि खातेदारांना, विशेषतः लहान मुलांच्या खात्यांवर, वर्षाच्या प्राण्याचा गल्ला भेट द्यायची पद्धत पडली. आज संग्राहकांकडे दिसणारे कितीतरी गल्ले असे बँकांकडून आलेले आहेत. त्यांच्या पोटावर किंवा बुडाशी बँकेचं चिन्ह असतं. बाकीचे भेटवस्तूंच्या दुकानांतले, मंदिराबाहेरच्या स्टॉलवरचे किंवा कॉफीच्या साखळी-दुकानांनी काढलेले असतात.

बारा प्राणी कोणते? साल सांगितलं की प्राणी कसा ओळखायचा?

क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. प्राणी वर्षाचा असतो, आपल्या राशीसारखा महिन्याचा किंवा जन्मवेळचा नव्हे. एकाच इयत्तेतली बरीचशी मुलं एकाच प्राण्याची निघतात.

साल ओळखायला तक्ता लागत नाही. सालाला १२ ने भागा आणि बाकी बघा. बाकी ० आली तर माकड, १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर, ४ उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ बकरी. २०२४ ला भागलं की बाकी ८, म्हणून ड्रॅगन. २०२६ ची बाकी १०, म्हणून घोडा.

प्राण्याला एक तत्त्वही जोडलेलं असतं: लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, जल. ते सालाच्या शेवटच्या आकड्यावरून निघतं. ४ आणि ५ लाकूड, ६ आणि ७ अग्नी, ८ आणि ९ पृथ्वी, ० आणि १ धातू, २ आणि ३ जल. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण कारागीर रंग निवडताना अनेकदा तत्त्व पाहतात. लाकडाला हिरवा, अग्नीला लाल, पृथ्वीला पिवळा, धातूला पांढरा किंवा सोनेरी, जलाला काळा किंवा निळा. २०२४ च्या ड्रॅगनांमध्ये हिरवे इतके का होते, याचं उत्तर इथे आहे.

वर्ष १ जानेवारीला बदलतं का?

नाही. चिनी नववर्ष अमावास्येवर ठरतं आणि साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. २०२४ ला ते १० फेब्रुवारीला होतं, २०२५ ला २९ जानेवारीला, २०२६ ला १७ फेब्रुवारीला. जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जन्मलेल्या माणसासाठी गल्ला घ्यायचा असेल तर त्या सालची नेमकी तारीख बघा. अशा वेळी बहुधा आधीच्या वर्षाचा प्राणी निघतो.

जपान याला अपवाद आहे. तिथे १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर आहे आणि वर्षाचा प्राणी १ जानेवारीलाच बदलतो. जपानी गल्ला जपानी व्यक्तीला द्यायचा असेल तर जपानी हिशेब धरा.

बाराचंच चक्र का? आपल्याकडे असं काही आहे का?

याचा संबंध गुरू ग्रहाशी लावला जातो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे ढोबळमानाने बारा. प्राचीन चिनी ज्योतिषांनी आकाशाचे बारा भाग गुरूच्या चालीवरून पाडले. पुढे मोजणी ग्रहापासून सुटली आणि नुसतं बाराचं गणित राहिलं. प्राण्यांची नावं फार जुनी आहेत. हुबेई प्रांतात १९७५ साली एक कबर खोदली तेव्हा बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली प्राण्यांची यादी सापडली, तीही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. तिच्यातले काही प्राणी आजच्यापेक्षा वेगळे आहेत.

आपला नाशिकचा सिंहस्थ गुरू सिंह राशीत आला की भरतो, म्हणजे तोही बाराच्या आसपास. गंमत बघा: २००३, २०१५ आणि २०२७ ही सिंहस्थाची तिन्ही वर्षं चिनी हिशेबात बकरीची आहेत. हा मेळ कायमचा नाही. आपण अजून खऱ्या गुरूकडे बघतो, चिनी पंचांग ठरलेले बारा मोजतं, त्यामुळे काही पिढ्यांनी तो सरकतो. पण सध्या तरी माझ्या संग्रहातली बकरी पाहिली की मला गोदाघाट आठवतो.

साठचं चक्रही दोन्हीकडे आहे. आपली प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरं. चिनी लोकांची बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मिळून साठ वर्षं. आपण साठीशांत करतो, जपानी लोकही साठाव्या वर्षी मोठा समारंभ करतात, कारण त्या वर्षी जन्मवर्षाचा प्राणी आणि तत्त्व जोडीने परत येतात. १९६६ चा अग्नी-घोडा २०२६ ला परत आला आहे. घरात कुणाची २०२६ ला साठी असेल तर घोड्याच्या गल्ल्याइतकी चपखल भेट मला तरी दुसरी सुचत नाही. फक्त जन्म २१ जानेवारी १९६६ च्या आधीचा नसावा, कारण त्या दिवशी घोड्याचं वर्ष लागलं.

गल्ला म्हटलं की डुक्करच का आठवतं? ते चिनी डुकरावरून आलं का?

तसं म्हणता येत नाही. गल्ल्याची कल्पना आणि डुकराचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातच, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, पैसे साठवायची मातीची भांडी होती. साधा गोल घट, वर एक खाच, बाहेर पडायला वाट नाही. भरला की फोडायचा. आपल्या कुंभाराकडचा गल्लाही असाच.

डुकराच्या आकाराचे जुने आणि सुंदर गल्ले सापडतात ते जावा बेटावर. पूर्व जावात त्रोवुलान इथे माजापाहित साम्राज्याची राजधानी होती. तिथल्या चौदाव्या-पंधराव्या शतकातले भाजक्या मातीचे गुबगुबीत डुक्कर-गल्ले आज जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पाठीवर खाच आहे, पोट जमिनीला टेकलेलं आहे आणि चेहरा इतका जिवंत आहे की आजच्या कारखान्यातल्या डुकरांनी त्याच्याकडून शिकावं. त्यातले पुष्कळसे तुकडे जोडून उभे केलेले आहेत, कारण त्या काळच्या मालकांनी ते फोडून पैसे काढले होते.

डुकराचे गल्ले बारमाही विकले जातात, म्हणून वर्षप्राण्यांच्या संचातलं डुक्कर एरवीच्या गल्ल्यांत मिसळून जातं. ते २०१९ चं वर्षप्राणी-डुक्कर आहे की बारमाही विकायचं साधं डुक्कर, हे बुडाशी साल किंवा डब्यावर नववर्षाचा मजकूर असेल तरच ठरतं.

माझ्या संचात सशाऐवजी मांजर आहे. चुकून आलं का?

चुकून नाही, तुमचा संच व्हिएतनामी आहे. तिथे सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी रेडा असतो. २०२३ साल चीनला सशाचं, तर व्हिएतनामला मांजराचं होतं. जपानी संचात डुकराऐवजी रानडुक्कर असतं: अंगावर पट्टे किंवा उभे केस, कधी बाहेर आलेले सुळे.

पंजा वर करून बसलेलं जपानी मांजर मात्र या चक्रातलं नव्हे. ते दुकानात गिऱ्हाईक बोलावणारं शुभ मांजर. त्याचेही गल्ले होतात आणि सगळ्यात जास्त होतात ते आइची प्रांतातल्या तोकोनामे गावात. जुन्या बाजारात हे मांजर वर्षप्राणी म्हणून विकलं जातं, तेव्हा सावध राहा.

आठवा प्राणी मेंढा की बकरी?

दोन्ही चालतात. दाढी आणि मागे वळलेली शिंगं दिली की बकरी, लोकरीच्या गोल गाठी दिल्या की मेंढी, पीळदार शिंगं दिली की मेंढा. वर्ष तेच. लहान मुलांसाठी काढलेल्या गल्ल्यांत मेंढी जास्त दिसते, कारण तिचा गोल आकार साच्यातून सहज निघतो.

हे बनतात कुठे आणि कसे?

चीनमध्ये चिनी मातीची मोठी गावं म्हणजे जिआंगशी प्रांतातलं जिंगदेझेन, फुजियानमधलं देहुआ आणि ग्वांगदोंगमधलं चाओझोऊ. देहुआची दुधासारखी पांढरी पोर्सेलिन, म्हणजे जास्त तापमानावर भाजलेली बारीक चिनी माती, शेकडो वर्षं नावाजलेली आहे आणि आज तिथून भेटवस्तूंचा प्रचंड माल बाहेर जातो. तैवानमध्ये यिंगगे, जपानमध्ये सेतो आणि तोकोनामे.

बनवण्याची रीत एकदा समजली की गल्ला हातात घेतल्यावर बरंच काही वाचता येतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. माती पाण्यात कालवून सायीसारखी पातळ करतात आणि प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतं, साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरतो, आणि हवी तेवढी जाडी झाली की उरलेली पातळ माती ओतून टाकतात. ज्या भोकातून ती ओततात, तेच अनेकदा पुढे बुचाचं, म्हणजे पैसे काढायच्या बुडाच्या झाकणाचं, भोक होतं. साचा उघडला की दोन भागांच्या सांध्यावर एक उभी रेघ राहते. ती ओल्या मातीवर खरवडून पुसायची असते. चांगल्या कामात ती रेघ शोधूनही सापडत नाही. घाईच्या कामात ती कानामागे, शेपटीखाली आणि बगलेत स्पष्ट दिसते.

खाच सुरीने कापतात, माती अर्धी सुकलेली असताना. मग पहिली भाजणी, झिलई (काचेसारखा चकचकीत लेप), दुसरी भाजणी. साधी माती ११०० अंशांच्या आसपास भाजतात, पोर्सेलिनला १३०० च्या आसपास नेतात. भाजताना माती आकसते आणि खाचही आकसते. म्हणून एकाच साच्यातल्या दोन वाघांपैकी एकात नाणं सुळकन जातं आणि दुसऱ्यात अडतं.

शेवटी रंग. झिलईखालचा रंग कधीच जात नाही. झिलईवर रंगवून परत ७०० ते ८०० अंशांवर भाजलेला रंग आणि सोनेरी मुलामा टिकतो, पण घासला तर उडतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे न भाजता नुसता लावलेला रंग. स्वस्त गल्ल्यांचे डोळे, मिश्या आणि लाल फिती बहुधा याच रंगाच्या असतात. कापसाची काडी किंचित ओली करून बुडाजवळच्या एखाद्या ठिपक्यावर फिरवा. रंग काडीला लागला तर तो न भाजलेला आहे, आणि त्या गल्ल्याला पाणी लावायचं नाही.

बाराचा संच एकदम घ्यावा की दर वर्षी एक?

दर वर्षी एक. याबाबत माझं मत ठाम आहे.

तयार संच एकाच कारखान्यातून, एकाच हाताने, एकाच उंचीचे बारा तुकडे असा येतो. बाराही प्राण्यांचे डोळे एकसारखे असतात. दर वर्षी एक घेतला की त्या वर्षाची पसंती, त्या वर्षाचा रंग, त्या वर्षाची कारागिरी घरात येते. मधल्या काळात कारखाने बदलतात, बँका मातीऐवजी प्लास्टिक देऊ लागतात, आकार लहान होत जातात. शेवटी फळीवर एक ओबडधोबड रांग उभी राहते आणि प्रत्येक प्राणी कुठून, कुणाकडून आला ते सांगता येतं. घरात मूल असेल तर ते या रांगेबरोबर वाढतं.

चक्राची सुरुवात उंदरापासून असली तरी तुम्ही तिथपर्यंत थांबायची गरज नाही. पुढचा उंदीर २०३२ ला येणार आहे. चालू वर्षाच्या प्राण्यापासून सुरू करा. मागचे राहिलेले प्राणी जुन्या बाजारातून मिळाले तर घ्या, पण त्यांच्यामागे धावू नका. बारा वर्षांत ते आपोआप येतात.

गल्ला किती जुना आणि कुठला हे कसं ओळखायचं?

उलटा करा. वरची बाजू सगळ्यांची सारखीच गोजिरी असते, खरी माहिती बुडाशी.

देशाचं नाव छापलेलं असेल तर निम्मं काम झालं. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, अमेरिकी ताब्याच्या काळातली. तो काळ १९५२ ला संपला. ‘मेड इन हाँगकाँग’ आणि ‘मेड इन तैवान’ हे शिक्के चीनमधला स्वस्त माल जगभर पसरण्याआधीच्या दशकांत जास्त दिसतात. चिनी अक्षरं असतील तर ती जुन्या, भरगच्च वळणाची आहेत की सुटसुटीत, हे जाणकाराला दाखवा. चीनने १९५६ पासून सुटसुटीत लिपी आणली, पण हाँगकाँग आणि तैवानमध्ये जुनी वळणं आजही चालू आहेत. म्हणजे भरगच्च अक्षर जुनेपणाचा पुरावा नाही, कधी कधी नुसता गावाचा पत्ता असतो.

बँकेचं नाव असेल तर फार सोपं. बँका एकमेकींत विलीन झाल्या, नावं बदलली. ते नाव केव्हापर्यंत चालू होतं ते शोधलं की गल्ल्याची अलीकडची मर्यादा कळते. मग प्राण्याचं वर्ष जुळवायचं. प्राणी दर बारा वर्षांनी येतो, त्यामुळे दोन-तीनच सालं उरतात.

बूच बघा. मऊ प्लास्टिकचं चकतीवजा बूच असेल तर वस्तू अलीकडच्या दशकांतली. बूचच नसेल तर तो जुना असेलच असं नाही. फोडायचे गल्ले आजही बनतात.

ड्रॅगन असेल तर नखं मोजा. पाच नखांचा ड्रॅगन चीनमध्ये बादशहाचा, जपानी ड्रॅगनला सहसा तीन नखं. गल्ल्यावरचे ड्रॅगन फार गोंडस केलेले असतात, तरी जपानी कारागीर तीन नखं विसरत नाहीत.

विकत घेताना काय तपासायचं?

आधी कान लावा. गल्ला रिकामा करून एका हाताच्या तळव्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. पोर्सेलिन स्वच्छ वाजतं. जाड मातीचा गल्ला कमी वाजतो, पण एकसंध वाजतो. आवाज बसका, फुटका आला तर कुठेतरी चीर आहे.

मग उजेड. खोलीतला दिवा मालवा, बूच काढा आणि मोबाईलचा टॉर्च भोकाला लावा. पातळ पोर्सेलिनचा ससा असेल तर त्याचे कान आतून फिकट नारिंगी उजळतात, पोट थोडं गडद राहतं, आणि साच्याचा सांधा एक सरळ छाया म्हणून दिसतो. चीर सरळ नसते, ती वाकडीतिकडी धावते. डाग दिसला तर तिथे जोडकाम किंवा भरलेला टवका असण्याची शक्यता मोठी. जाड मातीतून उजेड येणार नाही, तिथे टिचकीवरच भिस्त.

खाचेच्या कडा बोटाने चाचपा. नाणी वर्षानुवर्षं तिथेच आपटतात आणि मालक सुरी घालून पैसे काढतात, म्हणून टवके सगळ्यात आधी तिथे उडतात. त्यानंतर कानांची टोकं, शेपटी, कोंबड्याचा तुरा, ड्रॅगनच्या मिश्या.

झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची नक्षी दिसली तर घाबरू नका. झिलई आणि आतली माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्याने ती पडते. गल्ला त्यामुळे फुटत नाही, पण पाणी आणि मळ आत शिरतो. अशा गल्ल्याची किंमत थोडी कमी करून मागा आणि तो कधीही पाण्यात बुडवू नका.

मूळ डबा असेल तर जपा. साल आणि देणाऱ्याचं नाव अनेकदा फक्त डब्यावरच असतं.

बूच नाही. न फोडता पैसे कसे काढायचे?

पातळ प्लास्टिकची पट्टी घ्या, लोखंडी सुरी नको. गल्ला उलटा धरून पट्टी खाचेत अर्धी सरकवा आणि गल्ला हळूहळू हलवा. नाणं पट्टीवर आडवं आलं की घसरत बाहेर येतं. घाई केली की नाणी खाचेत अडकतात आणि कडेचा टवका जातो. नोटा घडी करून टाकल्या असतील तर चिमटा लागेल. म्हणून अशा गल्ल्यात नोटा टाकूच नयेत.

आपली नाणी त्यात जातात का?

एक, दोन आणि पाच रुपयांची बहुतेक सगळीकडे जातात. अडचण दहा आणि वीसची. दोन्ही २७ मिलिमीटर रुंद आहेत. अमेरिकी बाजारासाठी केलेल्या गल्ल्याची खाच तिथल्या पाव डॉलरच्या हिशेबाने असते, आणि ते नाणं जेमतेम सव्वाचोवीस मिलिमीटरचं. हाँगकाँगचं दोन डॉलरचं नाणं २८ मिलिमीटरचं, म्हणून तिथल्या गल्ल्यांत आपले दहा रुपये आरामात जातात. वीसचं नाणं बारा बाजूंचं आहे, त्यामुळे बारा प्राण्यांच्या गल्ल्यात पहिलं नाणं तेच टाकायची माझी पद्धत आहे. खाचेत अडलं तर जोर लावू नका.

वजनाचाही विचार करा. दहाची शंभर नाणी ७७१ ग्रॅम भरतात. पातळ पोर्सेलिन गल्ला एवढं सोसतो, पण भरलेला गल्ला कानाला धरून उचलला तर कान हातात येईल. खालून, दोन्ही हातांनी उचला. नाणं वरून आपटू देऊ नका. गल्ला किंचित तिरका करून नाणं आत घसरवा, विशेषतः तो रिकामा असताना.

नाणी टाकली की संग्रहमूल्य कमी होतं का?

थोडंसं होतं, आतल्या बाजूला काळे ओरखडे येतात. तरी मी टाकतोच. गल्ला वापरला नाही तर ती नुसती मूर्ती उरते. ज्याला विकायचाच आहे त्याने रिकामा ठेवावा.

साफ कसा करायचा?

मऊ कोरड्या ब्रशने. रंग पक्का आहे याची खात्री असेल आणि झिलई अखंड असेल तर ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करा. लिंबू, खायचा सोडा, ब्लीच, भांड्याची घासणी यांपैकी काहीही नको. सोनेरी मुलामा एका घासणीत निघतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात प्लास्टिकचं बूच चिकट होऊन झिलईला धरून बसतं. जूनच्या आधी बूच काढून वेगळं ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका. अडकलेलं बूच उपसताना खालचा काठ फुटतो, तेव्हा आधी कोमट पाण्याचं फडकं बुचावर धरून ते मऊ करा.

फुटला तर?

सगळे तुकडे गोळा करा, अगदी मोहरीएवढेसुद्धा, आणि कागदात वेगवेगळे गुंडाळा. तुकडे परत परत जुळवून बघू नका, कडा झिजतात. झटपट चिकटणारा गोंद धीर धरू देत नाही. एक तुकडा वाकडा बसला की पुढचा एकही बसत नाही. सावकाश सुकणारं दोन ट्यूबांचं इपॉक्सी त्यापेक्षा बरं, मात्र ते काळाने पिवळं पडतं. वस्तू खरोखर जुनी आणि मोलाची असेल तर स्वतः काही करू नका, संग्रहालयाचं काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाकडे न्या.

कोणत्या प्राण्याला जास्त मागणी?

ड्रॅगनला. बाराही प्राण्यांत तो एकटाच काल्पनिक आणि सर्वांत शुभ मानलेला. ड्रॅगनच्या वर्षी मूल व्हावं म्हणून चिनी जोडपी वाट बघतात. त्या वर्षी गल्लेही जास्त बनतात, म्हणून ड्रॅगन महाग असला तरी दुर्मीळ नसतो. साप लोकांना कमी आवडतो, कमी बनतो, आणि म्हणून चांगल्या कारागिरीचा साप शोधायला वेळ लागतो. माझ्या नजरेत कारागिराची खरी परीक्षा सापातच होते, कारण वेटोळ्यात पैशांना जागा करून खाच कुठे द्यायची हे सोपं नाही.

डुक्कर आणि कुत्रा मुस्लीम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांत जपून दाखवले जातात. २००७ च्या डुक्कर-वर्षी चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने जाहिरातींतून डुकराची चित्रं काढायला लावली होती.

अग्नी-घोड्याची गोष्ट वेगळी. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी जपानात समजूत होती. १९६५ ला तिथे सुमारे १८ लाख जन्म झाले, १९६६ ला ते १३ लाख ६० हजारांच्या आसपास उतरले आणि पुढच्या वर्षी परत वर गेले. मंगळाच्या मुलींची जी कुचंबणा आपल्याकडे झाली तीच ही. घोड्याचा गल्ला मुलीला भेट देताना कुणी नाक मुरडलं तर त्याला ही आकडेवारी सांगा आणि गल्ला जरूर द्या.

स्वतःच्या जन्मप्राण्याचं वर्ष शुभ की अशुभ? गल्ला कुठल्या दिशेला ठेवायचा?

चिनी परंपरेत स्वतःचा प्राणी परत येतो ते वर्ष जपून राहण्याचं मानतात आणि लाल काहीतरी अंगावर ठेवतात. म्हणून भेट देताना लाल फीत बांधलेला गल्ला निवडतात. दिशेबद्दल दुकानदार पुष्कळ सांगतात. माझ्या मते थेट ऊन लागणार नाही, मांजर पोचणार नाही आणि फळीला पुढे काठ असेल ती जागा योग्य.

महाराष्ट्रात कुठे मिळतात?

ठरावीक दुकान नाही. मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार इथे चिनी मातीच्या ढिगाऱ्यात अधूनमधून एखादा दिसतो. विक्रेत्याला तो काय आहे हे बहुधा माहीत नसतं, त्यामुळे भाव वाजवी असतो. मुंबईत चिनी नववर्ष बघायचं असेल तर माझगावला जा. तिथे १९१९ पासूनचं सी यूप कून मंदिर आहे आणि शहरातली छोटी चिनी वस्ती त्या रात्री तिथे जमते. मूर्ती आणि सजावट जवळून बघायला मिळते. यजमानांचा सण आहे, हे लक्षात ठेवून जा.

परदेशातून मागवणार असाल तर विक्रेत्याला दोन डबे सांगा: गल्ला बबल रॅपमध्ये, तो एका डब्यात, तो डबा दुसऱ्या मोठ्या डब्यात, मधे चहूबाजूंनी कागदाचे बोळे. आत नाणी ठेवून पाठवू नका. प्रवासात तीच आतून हातोड्याचं काम करतात.

गुंतवणूक म्हणून घ्यावेत का?

नाही. लाखांनी बनलेली वस्तू आहे. आवडतात म्हणून घ्या.

गल्ला भरला. नाणी बँक घेते का?

भारतीय नाणी घ्यावीच लागतात, रिझर्व्ह बँकेचे तसे आदेश आहेत. शंभर-शंभरच्या पिशव्या करून, प्रत्येक पिशवीत एकाच मूल्याची नाणी ठेवून न्या, काउंटरवरचं काम पटकन होतं. दुकानदाराला मात्र एका व्यवहारात एक हजार रुपयांपेक्षा जास्त नाणी घेण्याची सक्ती कायद्याने करता येत नाही. गल्ल्यातून सिंगापूर किंवा हाँगकाँगची जुनी नाणी निघाली तर इथले परकीय चलनवाले सहसा फक्त नोटा घेतात, नाणी नाहीत. ती पुढच्या वेळी तिकडे जाणाऱ्याबरोबर पाठवा, नाहीतर त्याच गल्ल्यात परत टाका.